जिंकू दिलेला डाव

सखारामभाऊ मयेकरांना पेन्शन मिळाली तेव्हा बंदरावरच्या कचेरीने त्यांना एक हार, एक नारळ आणि एक काठी दिली. हार दुसऱ्या दिवशी सुकला, नारळ तिसऱ्या दिवशी आमटीत गेला, आणि काठी घेऊन भाऊ आपल्याच घरात फेऱ्या मारू लागले. आनंदीबाईंच्या संसाराला अठ्ठावीस वर्षं झाली होती. पण दुपारी एक वाजता नवरा घरात कसा दिसतो, हे त्यांनी तोवर फक्त रविवारी आणि तापाच्या दिवसांत पाहिलं होतं.

पहिला महिना भाऊ झोपले. दुसऱ्या महिन्यात झोपही पुरेनाशी झाली. मग आळीतल्या वाचनालयात त्यांनी एका मासिकात लेख वाचला, की रिकाम्या वेळी माणसाला छंद हवा, आणि तो बिनखर्ची असेल तर सोन्याहून पिवळं. भाऊ घरी आले ते वहाणा न काढताच म्हणाले, "ऐकलंस? उद्यापासून मी छंद करणार."

"करा वो," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, त्या निमित्ताने घराबाहेर तरी जातील.

पहिला छंद शंखशिंपल्यांचा. सकाळी उठून भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत फिरायचं, धोतराच्या सोग्यात शंख भरून आणायचे आणि माजघरातल्या कपाटात रांगेने मांडायचे. शंखात राहणारा जीव अजून शंखातच आहे, ही गोष्ट भाऊंच्या ध्यानात आली नाही. ती तिसऱ्या दिवशी सगळ्या आळीच्या ध्यानात आली. मग आनंदीबाईंनी ते शंख उकळले, सुईने एकेक कोरून काढला, राखेने घासले, आणि आपलं चांगलं तपेलं मुकाट्याने परसात नेऊन पालथं घातलं. भाऊंनी कपाटावर चिठ्ठी लावली: 'संग्राहक, स. रा. मयेकर.'

दुसरा छंद बागेचा. भाऊंनी कागदावर वाफे आखले. विहिरीतून पाणी शेंदलं आनंदीबाईंनी. तिसरा छंद पक्षी ओळखण्याचा. भाऊ ओटीवर खुर्ची टाकून बसत आणि आतल्या दिशेने ओरडत, "अगं, हा निळा कोण?" चुलीपुढून उत्तर जाई, "खंड्या तो." भाऊ वहीत लिहीत: 'आज खंड्या ओळखला.' मधे पंधरा दिवस गळ टाकून मासे धरण्याचेही झाले. धक्क्यावर बसणाऱ्या गनी तांडेलाने त्यांचा गळ पाहून सांगितलं, "भाऊ, मासे पेन्शनीत निगालेले नसतात, ते पलतात." त्या दिवसापासून मासेमारी हा भाऊंच्या मते हिंसक छंद ठरला.

सगळे छंद बिनखर्ची होते, यात मात्र खोट नव्हती. त्यांना लागणारं सगळं घरात होतंच: पाणी, राख, सुई, चहा आणि बायको.

आनंदीबाई हे सगळं सोशीत होत्या, कारण दुपारचा एक वाजला की त्यांना कशाचंच काही वाटेनासं होई. एक ते तीन हा वेळ त्यांचा होता. जेवणं आटपलेली, भांडी घासून पालथी घातलेली. मागल्या अंगणात उन्हात आंब्याची साठं वाळत घातलेली. साठं वाळत घातली म्हणजे कावळ्यांपासून राखण करायला हवी, आणि राखण करायची तर मागल्या पडवीत बसायला हवं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून सोंगट्यांचा पट. वैशाखात साठं असत, इतर महिन्यांत मिरच्या, कुळीथ, पापड, काही ना काही वाळत असेच. पुरुष रिकामा बसला तर त्याला छंद म्हणतात. बाई रिकामी बसली तर तिला विचारतात, काय गो, काम नाय काय? म्हणून या आळीतली एकही बाई कधी निमित्ताशिवाय बसली नाही.

पट आनंदीबाईंनी बुरोंडीच्या माहेराहून आणलेला होता, तांबड्या खादीवर पांढऱ्या दोऱ्याने घरं शिवलेला. खेळायला चौघी. एक त्या स्वतः. दुसरी परसाच्या दगडी गडग्यापलीकडची कुलसुम, जिचा नवरा नासिर आगबोटीवर खलाशी होता आणि वर्षातून दीड महिना घरी असे. तिसरी राही, सकाळी मासळीची पाटी फिरवून दुपारी रिकाम्या पाटीवरच टेकणारी. चौथी समोरच्या घरातली गोदा. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि हसायचं कधी व कितपत, याचा तिला अजून अंदाज आला नव्हता. पडवीत ती पोटभर हसे.

खेळ म्हणजे नुसता खेळ नव्हे. कवड्या मुठीत घोळवून राही त्यांना मोठ्याने आळवायची, "ये गो बाय पंचविशी, उंबऱ्याभायेर थांबलीस कशी!" आणि दान चुकलं की कवड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. सोंगटी मारली की मारणारीने मेलेल्या सोंगटीची आरती ओवाळायची, असा त्यांच्यातला नेम होता. मधे कुलसुम पदराच्या गाठीतून नासिरचं पत्र काढी. मुंबईत कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं ते पत्र आनंदीबाई वाचून दाखवत, कुलसुमची सासू पलीकडे घोरत असे, आणि पत्रातली अर्धी ओळ कुलसुम पुन्हा वाचायला लावी. ती ओळ कुठली, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही विचारत नव्हतं.

एकोणीसशे चौतीसच्या वैशाखात एके दुपारी भाऊ पक्षी शोधत शोधत मागल्या पडवीत आले. बायका गप्प झाल्या. कुलसुमने पदर कपाळाखाली ओढला.

भाऊ पटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा तर बुद्धीचा खेळ आहे!"

त्या शब्दांनी आनंदीबाईंना पुढचं सगळं दिसलं. शंख गेले होते, बाग सुकली होती, पक्षी ओळखून संपले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ एक वाजता बसायला पाट घेऊनच आले. भिंतीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात नियम लावले: खेळताना मौन पाळावे. कवड्यांस हाका मारू नयेत. खेळाबाहेरचे विषय काढू नयेत. आरतीचा नियम त्यांना माहीत नव्हता म्हणून तेवढा लिहायचा राहिला, पण आरती करायची हिंमत कुणाला होती? कुलसुम दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी गडग्यावरून म्हणाली, "वयनी, सासूचे पाय दुकतात, मी काय येत नाय." सासूचे पाय कुलसुमच्या निक्याच्या दिवसापासून दुखत होते.

"बरं झालं," भाऊ म्हणाले. "चौथा हात मी."

आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आनंदीबाईंच्या लग्नात चौथ्या दिवशी नवरानवरीला सगळ्यांच्या देखत सोंगट्या खेळायला बसवलं होतं. नवरीला दान चांगलं पडलं, भाऊंची सोंगटी वाटेत उघडी सापडली, आणि चौदा वर्षांच्या आनंदीने ती मारायला हात उचलला. तेवढ्यात आतेसासूने पाठीमागून असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "घोवाची सोंगटी बायकोन मारू नये गो, घरातली बरकत जाते." या घराण्यात ती चाल होती. आनंदीबाईंनी हात मागे घेतला, आणि अठ्ठावीस वर्षांनी भाऊ पुन्हा पटावर बसले तेव्हाही तो हात आपोआप मागेच राहिला. त्या मारीत नाहीत म्हणून गोदाही मारीना. तिला तर भाऊ सासऱ्याच्या जागी. राही मारायला टपलेली असे, पण आनंदीबाई डोळ्यांनी दाबत. उगाच माणसाचा घरात अपमान नको.

परिणाम असा झाला की भाऊ सतरा दिवसांत सतरा डाव जिंकले.

बुद्धी असली म्हणजे शास्त्र सुचतंच. पटावर फुल्या असतात. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही, म्हणून शहाणा माणूस फुलीवरून फुलीवर जातो. भाऊंच्या लक्षात आलं की आपण फुलीवर न थांबताही आपल्याला कुणी मारत नाही. कुणी मारत नाही याचं कारण, त्यांच्या मते, त्यांची चाल. "फुलीवर थांबणं हे भित्र्याचं लक्षण," ते गोदाला समजावू लागले. "उघड्या मैदानातून चालायचं. शत्रू आपल्याला बघूनच दबतो." राहीने तोंडात पदराचा बोळा कोंबला. भाऊंना वाटलं, बाईला शास्त्र पटलं.

खेळ चालू होता, पण दुपार मेली होती. मुकाट्याने कवड्या टाकायच्या, मुकाट्याने हरायचं, आणि मधेच उठून भाऊंचा चहा करायचा. आनंदीबाईंना गडग्याकडे बघवत नसे. कुलसुमची त्यांना फार आठवण येई, आणि दहा हातांवर राहणाऱ्या बाईची आठवण यावी याचा रागही येई.

मग वाचनालयाचे सेक्रेटरी बाबू शिवलकर ओटीवर येऊन बसले. बाबूंना दर महिन्याला एक व्याख्यान लागे आणि व्याख्याता मिळत नसे. भाऊंनी विषय तयारच ठेवला होता: 'बिनखर्ची छंद, सोंगट्यांच्या प्रात्यक्षिकासह.'

"प्रात्यक्षिकाला समोर कोण?" बाबूंनी विचारलं.

"आमची ही," भाऊ म्हणाले. "म्हणजे लोकांना दिसेल, बाईमाणसालासुद्धा हा खेळ थोडाफार शिकवता येतो."

आत आनंदीबाई आवशीने दिलेल्या त्या पटाची घडी घालत होत्या. त्यांचा हात थांबला. लोकांसमोर बसायची त्यांना लाज वाटली, पण ती गोष्ट लहान होती. पुढचं ऐकून त्या खाली बसल्या.

"प्रयोग रंगला," बाबू म्हणत होते, "तर सोमवारपासून आपण मंडळच काढू. दहा-बारा सभासद आत्ता सांगतो मी. जागा मात्र सावलीची हवी."

"आमची मागली पडवी आहे की! दुपारी एक ते तीन. रोज. चहा घरचाच."

बाबू गेल्यावर आनंदीबाई गडग्यापाशी गेल्या. कुलसुम पलीकडे मासे खारवत होती. त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हंजे आता खेल कायमचा गेला म्हणा," कुलसुम म्हणाली. "बारा पुरुषांत मी कशी येव? तुमी तरी बसाल काय?"

"मी चा करीन."

कुलसुमने पदराची गाठ चाचपली. "नासिरचा पत्र आलाय," ती म्हणाली. "चार दिस झाले. दुसऱ्या कुणाकडसून वाचून घेव नाय वाटत."

आनंदीबाईंनी गडग्यावरून हात पुढे केला. पण पलीकडे सासू खोकली आणि कुलसुम लगबगीने वळली. पत्र गाठीतच राहिलं.

रविवारी वाचनालय भरलं. फुकट व्याख्यानाला गर्दी होतेच, त्यात एक नवरा आपल्या बायकोला चारचौघांत हरवणार म्हटल्यावर खिडक्याही भरल्या. एका खिडकीत राही होती, शेजारी गोदा आणि तिचा नवरा शिवा. मधे सतरंजीवर पट. दोघांचा डाव, म्हणून प्रत्येकाला दोन रंग: आनंदीबाईंना लाल-काळ्या, भाऊंना हिरव्या-पिवळ्या.

भाऊ खेळत कमी आणि बोलत जास्त होते. "पाहा मंडळी, ही सोंगटी मी मुद्दाम उघड्यावर ठेवली आहे. प्रतिपक्ष काय करतो बघा." प्रतिपक्ष डोक्यावरचा पदर सावरून बसला होता. आनंदीबाईंना दान पडलं ते नेमकं त्या हिरव्या सोंगटीवर. त्यांनी बोटांवर घरं मोजली, पुन्हा मोजली, आणि दुसरीच सोंगटी चालवली. "पाहिलंत?" भाऊ म्हणाले. "दबला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबू शिवलकर शेजाऱ्याला म्हणाले, "सोमवारी एक वाजता. लवकर ये, जागा कमी पडेल."

पुन्हा दान पडलं. तीच हिरवी, आता तीन घरं पुढे, तशीच उघडी. आनंदीबाईंच्या पाठीला अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा चिमटा आठवला. बरकत जाते म्हणे. त्यांनी मनात हिशेब घातला नाही की पाप-पुण्य तोललं नाही. त्यांना फक्त फार राग आला. कोणाची बरकत? माझी तर गेलीच ना?

त्यांनी लाल सोंगटी उचलली, सहा घरं चालवली, आणि हिरवी उचलून भाऊंच्या मांडीपाशी ठेवली.

भाऊ थांबले. "हं," ते म्हणाले. "असं एखादे वेळी होतं."

मग ते होतच गेलं. भाऊंच्या शास्त्राप्रमाणे त्यांच्या आठही सोंगट्या उघड्या मैदानातून चालल्या होत्या. एकही भित्री नव्हती. दुसरी हिरवी गेली. पिवळी गेली. घराच्या तोंडाशी पोचलेली पिवळी गेली तेव्हा खिडकीतून राही किंचाळली, "अगो, आरती करा तिची!" आणि हॉल हसला. आनंदीबाईंनी कवड्या मुठीत घेतल्या, ओठांशी नेल्या, आणि इतके दिवस गिळलेला आवाज मोकळा सोडला: "ये गो बाय पंचविशी, उंबऱ्याभायेर थांबलीस कशी!" पंचवीस पडले. लोक सतरंजीवर सरकत सरकत पटाजवळ आले. भाऊ आता फुल्या शोधत होते, पण जन्मात न वापरलेली फुली ऐन वेळी सापडते होय? शेवटी आनंदीबाईंच्या सगळ्या सोंगट्या घरात गेल्या आणि भाऊंच्या सहा वाटेवरही नव्हत्या.

हॉलमधले सगळे सतरंजीकडे बघू लागले. माणूस हरलेला बघायला मजा येते, पण हरल्यावर त्याच्या तोंडाकडे बघायला लाज वाटते. आनंदीबाईंनाही वाटली. भाऊंचा चेहरा बारीक झाला होता, आणि त्या चेहऱ्याची त्यांना दया आली.

पण पस्तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस कागद अंगावर आला तर तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायला शिकलेला असतो. भाऊ उठले. उपरणं झटकलं. घसा साफ केला.

"मंडळी," ते म्हणाले, "हेच माझं प्रात्यक्षिक! जगात सर्वांत बिनखर्ची छंद कुठला? बायकोला जिंकू देणं! पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. लागतं फक्त मोठं मन. आपण आठ सोंगट्या देतो, आणि बघा, एका गरीब जीवाला केवढा आनंद होतो!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबू शिवलकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हरलेला गृहस्थ बघून अवघडलेल्या सगळ्या पुरुषांना एकदम हायसं वाटलं, आणि माणसाला हायसं वाटलं की तो खूप टाळ्या वाजवतो.

"काय वयनी," बाबूंनी विचारलं, "भाऊंनी जिंकू दिलं ना तुम्हांला?"

सगळे आनंदीबाईंकडे वळले. खिडकीतून राहीचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते. एक शब्द बोलायचा होता. पण 'नाही' म्हटलं तर भाऊ उद्या पट मांडून बसणार, परवा बसणार, हरलेली अब्रू जिंकून काढीपर्यंत पडवीतून हलणार नाहीत. 'हो' म्हटलं तर दिग्विजयी वीर पुन्हा पटाला हात लावणार नाही. त्याला परत हरायची भीती राहील. आनंदीबाईंनी पदर सारखा केला.

"हो तर," त्या म्हणाल्या. "त्यांनी दिलान म्हणून."

राहीने खिडकीतून तोंड काढून घेतलं आणि बाहेर थुंकली.

झालंही तसंच. रविवारी संध्याकाळीच पावसहून निरोप आला, की हेच व्याख्यान आमच्या गावी द्यावं. त्यात सोंगट्यांचं मंडळ कुठल्या कुठे विरून गेलं. मोठ्या मनाच्या माणसाला आता मंडळ कशाला? सोमवारी सकाळी भाऊंनी पाठीवर व्याख्यानाचे कागद बांधले, काठी घेतली आणि पावसची वाट धरली. आनंदीबाईंनी भिंतीवरचे नियम काढून चुलीत घातले. एकला पाच कमी असताना कुलसुमने गडग्यावरून पाय टाकला. राही आली, पण पाठ करून बसली.

आधी पत्र वाचलं. ती ओळ दोनदा वाचली. कुलसुम हसली, मग तिने डोळे पुसले, मग पुन्हा हसली. आनंदीबाईंना वाटलं, एक खोटं बोलले, पण या एका तोंडासाठी पुन्हा बोलेन.

"खोटा बोललात तुमी," राही म्हणाली. "चांगली मारलात आणि वर बोललात, दिलान."

"माझी पडवी मला मिलाली ना? मग त्याचा काय करायचाय?"

पट मांडला. चौथी बाजू रिकामी होती. सव्वा वाजला, दीड वाजला, गोदाचा पत्ता नाही. शेवटी राही समोर जाऊन बघून आली, आणि तिचा चेहरा बघून आनंदीबाईंनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या.

"शिवा घरात हाय," राही म्हणाली. "बंदरावरना जेवायला येतो ना, तो आता तीन वाजेपरेंत बसणार म्हणतो. पट आणलान कुठसून. बायकोला जिंकू देतोय. रोज देणार हाय. आणि खालच्या आळीत दोगे भाव हायत, तेपण बसलेत. बाबू शिवलकर बसलाय. घराघरात बसलेत मेले, मोठा मन करून."

"गोदा काय करत्ये?"

"काय करणार? जिंकत्ये."

कुलसुम हसायला लागली आणि आनंदीबाईंचं तोंड बघून थांबली. आनंदीबाईंना शरम वाटली, अगदी कानापर्यंत. आपली दुपार त्यांनी सोडवून आणली होती, आणि तिच्या बदल्यात साऱ्या आळीतल्या बायकांच्या दुपारी देऊन आल्या होत्या. त्या एका शब्दाने. त्या उठल्या.

"साठां बघ गो," कुलसुमला म्हणाल्या. "चल राही."

शिवाच्या ओटीवर पट मांडलेला होता. गोदा मान खाली घालून सोंगट्या हलवत होती. तिचं कुळीथ आत न निवडता पडलं होतं, आणि तिचा चेहरा सासरी नवी आली तेव्हा असे तसा झाला होता. शिवा खुशीत होता. "या काकी! तीन डाव झाले. तिन्ही हिला दिले!"

"शिवा," आनंदीबाई पायरीवरूनच म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या ओट्यांवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "काल कुणी मला काय दिलान नाय. मी मारल्या त्यांच्या सोंगट्या. एकूणेक. सतरा दिस मारत नव्हते, म्हणून ते जिंकत होते. काल वाचनालयात मी खोटा बोलले."

शेजारच्या ओटीवर कुणाच्या तरी हातातल्या कवड्या खाली पडल्या. आनंदीबाईंना ठाऊक होतं की हे बोलणं आपल्या पायांनी पावसला चालत जाणार, आणि भाऊ परत यायच्या आधी त्यांच्या कानावर पडणार. घरी काय वाढून ठेवलंय, तेही ठाऊक होतं. तरी त्या ओटीवर चढल्या आणि गोदाच्या समोर बसल्या. उरलेल्या बाजूला राहीने आपली पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"चौगांचा खेल हा. टाक गो दान."

गोदाने टाकलं. शिवाची पिवळी सोंगटी वाटेत उघडी उभी होती, कारण देणाऱ्याला फुली कशाला लागते? गोदाने आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंनी या वेळी डोळ्यांनी दाबलं नाही. मग गोदाने घरं मोजली, आपली सोंगटी चालवली आणि पिवळी उचलून नवऱ्यापुढे ठेवली.

शिवा तिच्याकडे बघत राहिला. "ही मी दिली," त्याने सावकाश विचारलं, "काय तू मारलीस?"

गोदाने हात लुगड्याला पुसला.

"मारली," ती म्हणाली, आणि कवड्या पुन्हा उचलल्या.